आभाळातल्या नदीचा ठाव

पोरांनो, परवा उधाणाच्या दिवशी आपण तिघं बांधावर गेलो होतो, तिथूनच गोष्ट सुरू करतो.

खाडीचं पाणी बांधाला लागलं होतं. तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. बांधातल्या उघाडीची लोखंडी झडप बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं घट्ट मिटली होती, म्हणून आतल्या खाचरांत खारं पाणी शिरलं नव्हतं. थोरल्याच्या हातात बापाचा फोन, त्यात होकायंत्र उघडलेलं. झडपेजवळ फोन नेला मात्र, तो ओरडलाच, "आजोबा, उत्तर फिरली! आता अलिबागकडे दाखवतंय!" मी म्हटलं, फोन बिघडलेला नाही. शेजारी लोखंड आहे, ते सुईला ओढतंय. दहा पावलं मागं ये. तो मागं आला आणि उत्तर जागेवर आली.

तेवढ्यात धाकटीनं विचारलं, "पाण्याचं वेळापत्रक असतं, रोज दोनदा भरती येते. तसं या सुईचंही असतं का?"

मी तेव्हा गप्प बसलो, कारण उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. उत्तर असं आहे की, हो. सुईलाही रोजची भरती असते. आणि ती भरती कुठून येते हे शोधायला माणसाला दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला, शेवटी त्यासाठी रॉकेट उडवावं लागलं. त्या शोधात आपल्या रायगड जिल्ह्याचा हात आहे. वडखळ नाक्यावरून उजवीकडे वळलं की जे अलिबाग लागतं, तिथला.

लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहॅम नावाचा घड्याळजी होता. घड्याळजीच तो, बारीक हालचाल त्याच्या डोळ्यातून कशी सुटणार? १७२२ साली त्यानं एक लांबलचक चुंबकसुई टांगली आणि तिच्या टोकाकडे बघत बसला. त्याला दिसलं की सुई दिवसभर एका जागी उभी राहत नाही. थोडीशी इकडे, थोडीशी तिकडे, आणि रोज त्याच क्रमानं. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता. मग तिला हलवतंय कोण?

आपल्याकडे मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली आणि १८४१ पासून तिथं चुंबकसुईची नोंद सुरू झाली. त्या काळात तिथं काम करणाऱ्यांत एक पोरसवदा गणिती होता, केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. पुढं पुण्यात ते केरूनाना म्हणून नावाजले आणि टिळकांचे गुरू झाले. पण त्याआधी त्यांची उमेदीची वर्षं कुलाब्याच्या वेधशाळेत गेली. तिथलं काम कसं होतं ते डोळ्यांसमोर आणा. सुईला चिकटवलेला छोटा आरसा, समोर दुर्बीण, आरशात दिसणारी मोजपट्टी. ठरलेल्या वेळी दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मध्यरात्री, पहाटे, पावसाळ्यात, गणपतीत, कधीही चुकवायचं नाही. त्या वहीतल्या एका आकड्याला एकट्याची किंमत शून्य. हजारो आकडे खाली-वर मांडले की मगच त्यातून दिवसाची लाट दिसू लागते. मला या कामाबद्दल फार आदर आहे. याच नोंदींमध्ये २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकी वादळाचा आकडा सापडला, आणि आजचे शास्त्रज्ञ तो अभ्यासतात.

पुढं मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वीज वाहू लागली असती, तर कुलाब्याच्या सुया परवा उघाडीपाशी फोन फिरला तशा फिरल्या असत्या. म्हणून १९०४ साली चुंबकाचं काम अलिबागला हलवलं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी घाई केली नाही. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या वहीला नवी वही नीट जोडता यावी. अलिबागच्या इमारतीला दगड आणला तोही पोरबंदरचा, ज्यात चुंबकी अंश नाही. बांधकामात लोखंडाला मज्जाव. विचार करा, लोखंड टाळून आख्खं घर!

आता वीज सुईला कशी हलवते ते स्वतःच बघा. थोरल्या, ती खणातली टॉर्चची बॅटरी आण. धाकटे, तुझ्या दप्तरातलं छोटं होकायंत्र काढ. हा तांब्याच्या तारेचा तुकडा.

होकायंत्र ओटीवर ठेवलं. सुई शांत होऊ द्या. आता तार सुईच्या वर, सुईच्याच दिशेनं धरा, उत्तर-दक्षिण. टोकं बॅटरीला टेकवा. क्षणभरच हं, नाहीतर तार चटका देईल. बघितलं? सुईनं एकदम बाजूला मान वळवली. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व येतं. ओर्स्टेड नावाच्या डेन्मार्कच्या प्राध्यापकानं १८२० साली हेच पाहिलं.

पण खरी गंमत पुढं आहे. आता तार ओटीवर ठेवा आणि होकायंत्र तिच्या वर धरा. बॅटरी तशीच, वीज तशीच. लावा टोक. सुई उलट्या बाजूला वळली! म्हणजे डोळे बांधून मला तुम्ही होकायंत्राचा आकडा सांगत गेलात, तरी तार वर आहे का खाली हे मी ओळखीन. ही गोष्ट पदरात बांधून ठेवा. रॉकेटची सगळी करामत यात आहे.

तर रोज सुईला हलवणारी वीज कुठल्या तारेतली? १८८२ साली बॅल्फर स्टुअर्ट या स्कॉटिश शास्त्रज्ञानं सांगितलं की ती तार आभाळात असली पाहिजे. उंच हवेत. तेव्हा तिथं कुणी पोचलं नव्हतं, पण माणसानं तर्क अचूक लढवला होता.

सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण फार उंचावरच्या विरळ हवेवर पडतात आणि तिथल्या अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थराला आपण आयनांबर म्हणतो. तिथली हवा वीज वाहून नेऊ शकते. आता याच हवेला सूर्य तापवतो, ती फुगते, सरकते. खाडीचं पाणी चंद्र-सूर्याच्या ओढीनं हलतं, वरची हवा मुख्यतः सूर्याच्या उष्णतेनं हलते, पण लाट तीच, रोजची, ठरलेल्या वेळेची. त्यात थोडा चंद्राचाही वाटा असतो. बारीक हिशेब केला तर चुंबकसुईच्या नोंदीत चंद्राची तिथी सापडते! आणि वीज वाहून नेणारी हवा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून अशी सरकली की काय होतं? सायकलच्या डायनॅमोत जे होतं तेच. वीज तयार होते. दिवसा उजेडाच्या अर्ध्या पृथ्वीवर, डोक्यावर शंभर किलोमीटरच्या आसपास, असे विजेचे भले मोठे भोवरे रोज फिरत असतात. धाकटे, तू विचारलेली भरती ती ही.

इथवर आपलं गडब काय, अलिबाग काय, सगळीकडे थोडंफार सारखंच. पण १९२२ साली पेरू देशात वांकायो गावी नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, आणि तिथली दुपारची भरती बघून लोक चक्रावले. इतर ठिकाणांच्या कितीतरी पट. वांकायो आहे चुंबकीय विषुववृत्ताजवळ. पृथ्वीच्या चुंबकरेषा जिथं जमिनीला अगदी समांतर, आडव्या असतात, ती ही ओळ. ही ओळ भारताच्या दक्षिण टोकाजवळूनही जाते. मग उमगलं की या ओळीच्या वर आभाळात विजेची एक अरुंद, वेगवान नदी आहे. सिडनी चॅपमन यांनी १९५१ मध्ये तिला नाव दिलं इलेक्ट्रोजेट, म्हणजे विजेचा झोत. ओळीच्या दोन्ही अंगांना साधारण तीन-तीनशे किलोमीटर तिची रुंदी. दिवसा ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. आपल्या भिंतीवरचा साधा प्लग पाच अँपिअरचा, आणि या नदीतून वाहतात दहा हजारांच्या कित्येक पट अँपिअर.

ती नेमकी तिथंच का? हे समजायला उघाडीच बरी. त्या उंचीवर धनभारित आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू-रेणू, जड असतात, हवेच्या रेणूंवर सारखे आपटतात, त्यामुळं अडखळतात. इलेक्ट्रॉन हलके, ते चुंबकरेषांना बांधलेले. दिवसाचं विद्युत क्षेत्र त्यांना वरखाली ढकलू बघतं. पण त्या थराच्या वरही वीज नीट वाहत नाही आणि खालीही नाही. दोन बांध घातल्यासारखं झालं. ढकललेला भार बाहेर पडू शकत नाही, साचतो, त्याचा दाब वाढतो, आणि तो दाब इलेक्ट्रॉनना मोकळ्या राहिलेल्या एकाच दिशेनं पळवतो, पूर्व-पश्चिम. खाचरातलं कोंडलेलं पाणी ओहोटीला उघाडी उघडल्यावर कसं सुसाट सुटतं, तसं. ओळीपासून दूर, म्हणजे आपल्या अलिबागसारख्या ठिकाणी, चुंबकरेषा तिरक्या असतात. त्या तिरक्या वाटेनं साचलेला भार झिरपून जातो, दाबच बनत नाही. म्हणून इकडं नदी नाही, नुसता पसरलेला उथळ प्रवाह.

आता अडचण ऐका. जमिनीवरच्या सुईला एवढंच कळतं की वर वीज आहे. किती उंचीवर, किती जाड थरात, हे तिला सांगता येत नाही. उंचावरची मोठी नदी आणि त्याहून खालची छोटी नदी, दोन्हींचा सुईवर परिणाम सारखाच होऊ शकतो. मग वर जाऊनच बघायला हवं. पण जाणार कसं? विमान दहा-बारा किलोमीटरवर थांबतं. मोठा फुगा चाळीसच्या आसपास. उपग्रह एवढ्या खाली फिरवला तर हवेच्या घर्षणानं जळून पडतो. फुग्याला फार उंच आणि उपग्रहाला फार खाली, असा हा मधला पट्टा. तिथं जाऊन यायला एकच वाहन आहे, साउंडिंग रॉकेट. खलाशी दोरीला शिसं बांधून पाण्याचा ठाव घेतात ना, त्या ठाव घेण्याला इंग्रज 'साउंडिंग' म्हणतात. तेच नाव या रॉकेटला पडलं. पृथ्वीभोवती फिरायचं नाही, चेंडूसारखं सरळ वर जायचं, मोजायचं आणि खाली यायचं. पहिला प्रयत्न १९४९ मध्ये पेरूच्या किनाऱ्यापलीकडे एका अमेरिकन जहाजावरून झाला, आणि वर विजेचा थर खरंच आहे याची खूण मिळाली.

भारतात विक्रम साराभाईंच्या मनात हेच होतं. रॉकेटसाठी जागा हवी ती चुंबकीय विषुववृत्ताजवळ. ती शोधायला केरळचा किनारा धुंडाळणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे मच्छीमारांचं गाव ठरलं. तिथं मेरी मॅग्डालेनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी गावकऱ्यांशी बोलून ती जागा विज्ञानाला दिली. मला या प्रसंगाचं नेहमी अप्रूप वाटतं. आपल्या कोळीवाड्यासारखाच तो कोळीवाडा, जाळी वाळत घातलेली वाळू, आणि त्या वाळूवर देशाचं अवकाशविज्ञान उभं राहिलं. चर्चमध्ये कचेरी थाटली, रॉकेटचे भाग सायकलवरून नेले. तिथल्या पहिल्या तुकडीत पुण्याचे प्रमोद काळे होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी नायकी-अपाचे जातीचं पहिलं रॉकेट उडालं आणि आकाशात सोडियमच्या वाफेचा रंगीत ढग उमटला.

पुढच्याच वर्षी त्याच वाळूवरून विजेची नदी मोजणारी रॉकेटं सुटली. अमेरिकेतले काहिल आणि मेनार्ड, आणि आपल्याकडचे टी. एस. जी. शास्त्री या कामात होते. त्यांनी वर काय पाठवलं माहीत आहे? सुई नाही. रॉकेट स्वतःभोवती गरागरा फिरतं, त्यात सुई काय टिकणार? त्यांनी पाठवले भोवरे.

हसू नका, खरंच भोवरे. पाण्यात, रॉकेलमध्ये, अशा द्रवांत हायड्रोजन असतो, आणि त्याच्या पोटातला प्रोटॉन म्हणजे एक इवलासा चुंबक-भोवरा. बाटलीत द्रव, बाटलीभोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यात वीज सोडली की हे भोवरे एका दिशेला कलतात. वीज बंद केली की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राभोवती डुलायला लागतात. तुमचा भोवरा मंद होताना डोकं गोल फिरवतो ना, तसे. क्षेत्र जितकं जोरदार तितकं डुलणं जलद. चुंबकक्षेत्र मोजतात नॅनोटेस्लात, आणि थुंब्याला पृथ्वीचं चुंबकक्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला आहे. तिथं हे भोवरे सेकंदाला साधारण १,७०० वेळा डुलतात. तेवढ्याच कंपनांची वीज वेटोळ्यात उमटते, रेडिओनं खाली येते. ती लाऊडस्पीकरला जोडली तर शिट्टीसारखा सूर कानांनी ऐकू येईल. आणि बाटली कुठल्याही बाजूला कलली तरी सुराची पट्टी बदलत नाही. फिरत्या रॉकेटसाठी याहून चांगलं साधन त्या वेळी कुठलं होतं?

आता रॉकेटबरोबर वर चला. पृथ्वीपासून दूर जाऊ तसा चुंबकाचा जोर आपोआपच उतरतो. शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत जवळजवळ १,८०० नॅनोटेस्लांनी. ती उतरण आधीच गणितानं माहीत असते, ती वजा करायची. उरतो तो नदीचा भाग, शंभराच्या आसपास. म्हणजे सुराची पट्टी १,७०० मध्ये चार-पाच कंपनांनी हलली, एवढाच सगळा पुरावा. नव्वद किलोमीटरपर्यंत काही घडत नाही. नदी अजून वर आहे, ती उत्तरेची ओढ थोडी वाढवते. मग पंचाण्णवच्या पुढं ती जास्तीची ओढ भराभर गळायला लागते, नाहीशी होते, आणि एकशेवीसच्या वर उलटी होते. ओळखलंत? आपलं होकायंत्र तारेच्या खालून तारेच्या वर गेलं! आपली ओटीवरची तार उत्तर-दक्षिण होती म्हणून सुई बाजूला वळली. आभाळातली नदी पूर्वेकडे वाहते, म्हणून तिथं ओढ वाढते आणि कमी होते, एवढाच फरक. ज्या उंचीवर गळती सर्वांत जलद, तिथं प्रवाहाचा सर्वांत जोर. थुंब्याच्या मोजणीत ती उंची आली सुमारे १०५ ते १०७ किलोमीटर. रॉकेट सेकंदाला सव्वा-दीड किलोमीटर वेगानं जातं. म्हणजे नदी ओलांडायला त्याला पंधरा-वीस सेकंद. वर जाताना एकदा, खाली येताना एकदा, आणि मग अरबी समुद्रात समाधी.

या पंधरा-वीस सेकंदांनी बॅल्फर स्टुअर्टचा तर्क खरा करून दाखवला. पण रॉकेट रोज उडवता येत नाही, आणि नदी तर रोज वेगळी. कधी तिला पूर येतो, कधी ती रोडावते, आणि कधी कधी भर दिवसा काही तास उलटी, पश्चिमेकडे वाहते. तिचा रोजचा हिशेब ठेवायचा कसा? इथं आपलं अलिबाग येतं.

दक्षिणेकडच्या वेधशाळेत, आधी तिरुवनंतपुरमला आणि आता तिरुनेलवेलीला, जी दुपारची भरती दिसते तिच्यात दोन पाणी मिसळलेली असतात. एक सगळीकडे पसरलेला उथळ प्रवाह, आणि दुसरी ती नदी. अलिबागला फक्त उथळ प्रवाह दिसतो, कारण नदी इथवर पोचत नाही. म्हणून शास्त्रज्ञ दक्षिणेच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करतात. उरते ती निखळ नदी. भारतावरच्या इलेक्ट्रोजेटचा जोर आजही याच वजाबाकीनं मांडतात, आणि जगभरच्या शोधनिबंधांत अलिबागचं नाव त्या वजाबाकीत लिहिलेलं असतं. नदी नसणं हाच अलिबागचा मोठा गुण. हे सगळं काम चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्य ठाणंही आपल्याच जिल्ह्यात आहे, नवीन पनवेलला.

लोक मला म्हणतात, मास्तर, रॉकेटची गोष्ट सांगायची सोडून त्या जुन्या दगडी खोलीचं कौतुक काय करता? मी म्हणतो, रॉकेट नसतं तर नदीची उंची कळली नसती हे खरं, पण रॉकेटचं सबंध आयुष्य काही मिनिटांचं. ती खोली १९०४ पासून जागी आहे, आणि तिच्या आधी कुलाबा १८४१ पासून. आपल्या नागावच्या केरूनानांनी दुर्बिणीला डोळा लावून लिहिलेल्या वहीचं पुढचं पान तिथं आजही भरतंय.

उद्या सकाळी अकरा-साडेअकराला तुम्ही शाळेत असाल तेव्हा अलिबागच्या यंत्रात तीस-चाळीस नॅनोटेस्लांची भरती आलेली असेल. थोरल्याच्या फोनला ती दिसणार नाही, तेवढी बारीक नजर त्याला नाही. येत्या रविवारी आपण वडखळवरून अलिबागला जाऊ, बाहेरून का होईना, ती वेधशाळा दाखवतो. फक्त जाताना कुंपणाला खेटून गाडी लावायची नाही. गाडीत लोखंड फार असतं.